बर्फ कोणी तुडवला?

शिरूर-घोडनदीत बर्फ पडत नाही, लादीने येतो. भुशात लोळवलेला, गोणपाटात गुंडाळलेला, गोळेवाल्याच्या गाडीवर नाहीतर रसवंतीच्या टेबलाखाली. रमजान उन्हाळ्यात आला त्या वर्षांत इफ्तारीआधी बर्फाच्या दुकानासमोर रांग लागे आणि पिशवी घरी पोहोचेपर्यंत निम्मा बर्फ रस्त्यावर ठिबकून जाई. आमच्या वर्गातल्या मुलांची बर्फाशी ओळख एवढीच आहे.

शब्दाशी मात्र ओळख जुनी. 'बर्फ' हा फारसी शब्द मराठीने घेतला, उर्दूनेही घेतला. घरी एक आणि बाजारात एक अशा दोन भाषांत वावरणाऱ्या आमच्यासारख्यांना या एका शब्दापुरते तरी भाषांतर करावे लागत नाही. लहानपणी दौंडला नानी कोह-ए-काफच्या गोष्टी सांगत असे. परी तिथे, देव तिथे, जादूचा किल्लाही तिथेच. अमीर हमजा अठरा दिवसांसाठी म्हणून काफला गेला आणि अठरा वर्षे अडकून पडला, हे आम्ही किती रात्री ऐकले असेल! पण नानीच्या कोह-ए-काफवर थंडी कधी वाजली नाही. कोणाची बोटे झडली नाहीत, कोणाचा घोडा छातीपर्यंत रुतला नाही. नानीनेही बर्फ लादीचाच पाहिलेला होता.

आम्ही शिरूरला उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. उर्दूत इतिहासाला 'तारीख' म्हणतात आणि मराठीत तारीख म्हणजे दिवस. मुलेही तारखा पाठ करतात आणि इतिहास झाला असे समजतात. एका वर्षी मे महिन्याच्या जादा तासाला बाबराचा विषय निघाला. बाबर म्हटले की पानिपत, १५२६, आणि पुढे बाहेरच्या जगात त्या नावावरून जे काही चालते ते, एवढेच मुलांच्या कानांवर असते. आम्ही म्हटले, आज लढाई नको, उकडतेही आहे. बाबर बर्फात सापडला होता ती हकिकत सांगतो. हकिकत संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, वो बर्फ तुडवनेवालों के नाम लिखे हैं क्या?"

नावे लिहिलेली आहेत. पण तिच्या प्रश्नाने आम्हाला बऱ्याच दूरवर नेले, आणि फिरून पुन्हा घोडनदीच्या काठावर आणून सोडले. त्याचीच ही कैफियत.

फारसी साहित्यात बर्फाची मोठी गोष्ट आधीपासून आहे. फिरदौसीच्या शाहनाम्यात कैखुसरो राज्य सोडून डोंगरात निघून जातो आणि दिसेनासा होतो. त्याने परत जायला सांगितले असूनही काही सरदार मागे रेंगाळतात आणि बर्फाखाली गाडले जातात. तूस, गेव, बेझन अशी रणांगणात न हरलेली माणसे कोणाच्या तलवारीने मरत नाहीत, बर्फाने मरतात. शाहनामा दख्खनच्या दरबारांतही वाचला जात होता. त्यामुळे बर्फ न पाहिलेल्या आपल्या मुलखातही बर्फातल्या मरणाची कल्पना पुष्कळ जुनी आहे.

पण फिरदौसी कवी होता. बाबर स्वतः त्या बर्फात होता.

१५०६ च्या डिसेंबरअखेर बाबर हेरातहून काबूलला परत निघाला. वय २३ पूर्ण. मागे काबूलमध्ये काय शिजत असेल याचा भरवसा नव्हता, म्हणून घाई. दोन रस्ते होते. कंदाहारवरून जाणारा लांबचा पण सुखाचा, आणि डोंगरातून जाणारा जवळचा. कासिम बेग या जुन्या सरदाराने डोंगराच्या रस्त्याचा हट्ट धरला. वाटाड्या होता पीर सुलतान पशाई नावाचा एक म्हातारा. वाट बर्फाखाली गेलेली. म्हाताऱ्याची वाट चुकली आणि पुन्हा सापडली नाही.

मग आठवडाभर जे चालले ते बाबराने आपल्या आठवणींत बारकाईने लिहून ठेवले आहे. पुढचा माणूस कमरेपर्यंत, कधी छातीपर्यंत रुते आणि पायांनी बर्फ दाबत पुढे जाई. दहापंधरा पावलांत तो थके आणि जागीच उभा राही. दुसरा पुढे येई. असे दहापंधरा-वीस जण तुडवून गेले की मग रिकामा घोडा ओढत न्यायचा. तोही रिकिबीपर्यंत रुते, दहापंधरा पावलांत दमे. त्याला बाजूला घ्यायचे, दुसरा घोडा आणायचा. उरलेली फौज या तयार वाटेने मान खाली घालून मागून येई. दिवसभरात कोस-दीड कोस वाट झाली तरी पुष्कळ.

तुडवणारे कोण होते? कासिम बेग, कारण हा रस्ता त्यानेच सुचवला होता. त्याचे मुलगे तेंग्रीबेर्दी आणि कंबर अली. त्यांचे दोनतीन नोकर. आणि स्वतः बाबर. इतर शूर म्हणवणाऱ्यांना त्याने हुकूम केला नाही. ज्याच्यात हिंमत असेल तो असे काम आपणहून अंगावर घेतो, असे त्याचे मत होते. आम्हाला या ठिकाणी बाबराचा किंचित रागही येतो. बादशहाने सांगितले असते तर मागचे शंभर जण पुढे आले नसते का? पण तेविशीतल्या मानी माणसाचा हा स्वभाव आहे आणि त्याने तो लपवलेला नाही.

खिंडीच्या पायथ्याशी एक गुहा लागली. वादळ सुरू झाले होते. लोकांनी बाबराला आत जायला सांगितले, तो गेला नाही. माणसे बाहेर बर्फात आणि आपण आत उबेला, हे त्याला पटेना. त्याने फावडे घेऊन गुहेच्या तोंडाशी जानमाजएवढी जागा खणली. छातीइतके खोल गेले तरी जमीन लागली नाही; तेवढ्यातच तो बसून राहिला. इशाच्या नमाजापर्यंत डोक्यावर, पाठीवर, कानांवर चार बोटे बर्फ साठला. मग आतून कोणी ओरडले की गुहा मोठी आहे, सगळे मावतील. तेव्हा तो बर्फ झटकून आत गेला आणि इतरांना हाका मारून बोलावले. ज्याच्याकडे जे शिळेपाके होते ते सर्वांनी वाटून खाल्ले.

दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडली. त्या रात्रीच्या थंडीने अनेकांचे हातपाय गेले. बाबर नावे देतो: कीपाचे पाय, सिऊंदूक तुर्कमानचे हात, आहीचे पाय. यांच्यातला कोणी मोठा सुभेदार झाला नाही, कोणाचा मकबरा पर्यटक पाहायला जात नाहीत. पण पाचशे वर्षांपूर्वी एका रात्री कोणाचे पाय गेले आणि कोणाचे हात, हे आज शिरूरच्या वर्गात सांगता येते. आम्ही ती तीन नावे फळ्यावर लिहिली.

ही हकिकत तुर्कीतून फारसीत आणली अब्दुर्रहीम खानखाननने, १५८९ मध्ये, अकबरासाठी. हाच खानखानन पुढे दख्खनच्या मोहिमेवर आला आणि १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला तेव्हा तो त्या फौजेत होता. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) शिरूरपासून मोटारीने तासा-दीड तासावर. बाबराच्या बर्फाचा भाषांतरकार आमच्या शेजारी येऊन लढून गेला, हे मुलांना सांगितले की त्यांना बाबर एकदम ओळखीचा वाटू लागतो.

आता घोडनदी.

शिरूर ही एकेकाळी इंग्रजांची मोठी छावणी होती. १८१७ च्या पुणे करारानंतर पेशव्यांच्या पैशाने कंपनीने जो घोडदळाचा रिसाला उभा केला, त्याचे नाव पूना ऑक्झिलरी हॉर्स. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाला लढली. तिच्यात याच रिसाल्याचे स्वार होते. पुढे तो पूना इर्रेग्युलर हॉर्स झाला आणि त्याचे ठाणे अनेक वर्षे शिरूरला राहिले. दख्खनी मुसलमान आणि मराठे दोघेही अशा रिसाल्यांत घोडे घेऊन चाकरीला असत. स्वार आपला घोडा आपण आणी. त्या पद्धतीला सिलेदारी म्हणत, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

छावणीच्या दफनभूमीत कर्नल विल्यम वॉलेस याची कबर आहे. तो १८०९ मध्ये वारला. आसपासच्या खेड्यांतील लोक त्याला 'सत्पुरुष' मानू लागले, नव्या धान्याचा नैवेद्य दाखवू लागले. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येही याची नोंद आहे. कर्नलचा पीर झाला, याबद्दल आमची तक्रार नाही. चांगला माणूस असेल. पण त्याच छावणीतून जे स्वार दूरदूरच्या मुलखांत गेले त्यांना कोणी फूलही वाहिले नाही, कारण ते कुठे गेले आणि कुठे राहिले हेच गावाला ठाऊक नाही.

ते पुष्कळ लांब गेले. २३ जुलै १८३९ रोजी कंपनीच्या फौजेने गझनीचा किल्ला घेतला. त्या लढाईचा मान पूना हॉर्सच्या नावावर आहे. महमूद गझनवीची राजधानी, जिथे फिरदौसी आपला शाहनामा घेऊन गेला, तिथे भीमा-घोडच्या काठचे लोक नाल ठोकलेल्या घोड्यांवरून पोहोचले. उन्हाळा होता म्हणून बर्फातून सुटले. १८५७ मध्ये इराणशी झालेल्या लढाईत, खुशाबला, याच रिसाल्याने इराणी फौजेचे एक निशाण जिंकले. त्याच्या टोकावर चांदीचा पंजा आहे आणि पंजावर अल्लाहच्या हाताविषयीची कुराणातली आयत कोरलेली आहे. पूना हॉर्स ते निशाण आजही संचलनात मिरवते.

पंजा म्हटल्यावर आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर काय येते ते सांगायला नको. मोहरमला आमच्या भागातल्या गावागावांत पंजे बसतात, हिंदू-मुसलमान दोघेही नवस बोलतात. त्या रिसाल्यातल्या दख्खनी स्वाराने इराण्यांच्या हातून चांदीचा पंजा घेतला असेल तेव्हा त्याच्या मनात काय झाले असेल? मीठ कंपनीचे होते आणि पंजा आपला. यावर कोणी लिहून ठेवलेले आम्हाला आढळले नाही. साहेबांच्या इतिहासात तो पंजा 'ट्रॉफी' आहे.

बर्फाशी गाठ पडली ती १८४२ च्या अफगाण युद्धात. ही गोष्ट जगभर सांगितली जाते, पण ती कशी सांगितली जाते ते पाहण्यासारखे आहे.

६ जानेवारी १८४२ रोजी काबूलच्या छावणीतून कंपनीचे सैन्य जलालाबादच्या दिशेने निघाले. शिपाई सुमारे ४,५००, त्यांत गोरे सातशेच्या आसपास. आणि त्यांच्या मागे १२,००० बाजारबुणगे. पानिपतामुळे हा शब्द मराठी माणसाला चांगलाच परिचित आहे आणि तो नेहमी तुच्छतेनेच उच्चारला जातो. पण बाजारबुणगे म्हणजे कोण? भिस्ती, मोतद्दार, स्वयंपाकी, धोबी, डोलीवाले, त्यांच्या बायका, त्यांची पोरे. हिंदुस्थानच्या मैदानातली माणसे. अंगावर सुती कपडे, पायांत असल्या तर जुन्या वहाणा. जमिनीवर फूटभर बर्फ. पहिल्याच रात्री तंबू नाहीत, सरपण नाही.

निघण्याआधी पॉटिंजर नावाच्या एका अधिकाऱ्याने सुचवले होते की घोड्यांच्या जुन्या झुली फाडून पट्ट्या करा आणि अफगाणांसारख्या शिपायांच्या पायांना गुंडाळा. ते कोणी ऐकले नाही. आम्हाला या सगळ्या करुण हकिकतीत सर्वांत जास्त चीड येते ती इथे. शत्रू, डोंगर, हवा यांच्यावर सेनापतीचा काही इलाज नव्हता असे एक वेळ धरू. पण जुन्या झुली होत्या, कात्री होती, आणि पायही त्यांच्याच माणसांचे होते. दोन दिवसांत बोटे काळी पडली, बंदुकीचा घोडा ओढता येईना. ८ जानेवारीला खुर्द काबूलच्या खिंडीत सुमारे ३,००० माणसे मेली, काही गोळीने, काही थंडीने. १३ जानेवारीला डॉक्टर ब्रायडन हा एकटा इंग्रज दमलेल्या घोड्यावरून जलालाबादला पोहोचला. १८७९ मध्ये एलिझाबेथ बटलर या चित्रकर्तीने त्याचे चित्र काढले आणि सोळा हजारांतून एकच माणूस वाचला, ही गोष्ट जगाने खरी मानली.

ती खरी नाही. मागे पकडलेले गोरे ओलीस होते, ते सुटले. लेडी सेलने तिथली रोजनिशी लिहिली, ती पुढच्याच वर्षी छापून आली आणि खूप खपली. आणि सप्टेंबरात इंग्रजी फौज पुन्हा काबूलला गेली तेव्हा शेकडो हिंदी शिपाई आणि बाजारबुणगे जिवंत सापडले. कोणाचे पाय गेलेले, कोणाची बोटे गेलेली; काबूलच्या बाजारात भीक मागत होते. चित्रात मावतो तो एक, आणि या शेकडोंपैकी एकाचेही नाव शाळेच्या पुस्तकात नाही. त्यांना सोडवणाऱ्या याच फौजेने जाताजाता काबूलचा छत्तेदार बाजार जाळला, तेही पुस्तकात नसते.

कंदाहारहून काबूलला गेलेल्या फौजेत तिसरे बॉम्बे लाइट कॅव्हल्री होते. हाच रिसाला पुढे १९२१ मध्ये पूना हॉर्समध्ये मिसळला. ऑक्टोबरात ही सगळी फौज त्याच खिंडींतून हिंदुस्थानकडे परतली. जानेवारीत मेलेले तिथेच पडलेले होते, कातडी-हाडे झालेले, ढिगांनी. आपल्या इलाख्याचे स्वार त्या हाडांमधून घोडे काढत आले. घरी येऊन त्यांनी काय सांगितले असेल? सांगितले असेलच. शेकोटीभोवती, मशिदीच्या ओट्यावर, घोड्याला खरारा करताना. पण लिहिणारे साहेब होते, आणि आपल्यातला लिहिणारा त्या दिवशी तिथे नव्हता.

अफगाणांच्या बाजूने मात्र लिहिले गेले. हमीद कश्मीरीने १८४४ मध्ये फारसीत 'अकबरनामा' रचला, शाहनाम्याच्या थाटाचा, वजीर अकबर खानाच्या पराक्रमाचा. म्हणजे त्याच बर्फाच्या दोन गोष्टी झाल्या. एकीत ब्रायडन, दुसरीत अकबर खान. भिस्त्याला मात्र दोन्हीकडे जागा नव्हती.

पहिल्या महायुद्धापर्यंत चौतिसावी पूना हॉर्स नावापुरतीच पुण्याची उरली होती. भरती बहुतेक राजपुताना आणि पंजाबकडची. १९१४ च्या ऑक्टोबरात ती फ्रान्सला उतरली आणि स्वारांना घोडे मागे ठेवून खंदकांत उतरावे लागले. नोव्हेंबरात तिथे हिमवर्षाव झाला. खंदकात गुडघाभर पाणी, रात्री त्यावर साय धरावी तसा बर्फ. २४ नोव्हेंबरला फेस्ट्युबेर गावाजवळ जर्मनांनी आपल्या खंदकाच्या अगदी तोंडाशी आणलेली आडवी चर उडवण्याचे काम लेफ्टनंट फ्रँक डी पास याने केले. दुसऱ्या दिवशी तो मारला गेला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; तो मिळवणारा हा पहिला यहुदी माणूस. त्याच्याबरोबर त्या चरीत उतरले होते दोन स्वार, फतेह खान आणि फर्मान शाह. यांची नावे राहिली, कारण अहवालात एका ओळीत ती आली. यहुदी अधिकारी आणि दोन मुसलमान स्वार एका चरीत सरपटत जातात, हा प्रसंग आम्ही मुलांना मुद्दाम सांगतो. आजच्या बातम्या ऐकून त्यांना असे काही घडले असेल हे खरे वाटत नाही.

या युद्धात एक नवे घडले. शिपाई पत्रे लिहू लागले, किंवा लिहिता येणाऱ्याकडून लिहवून घेऊ लागले. त्यांतली फार मोठी संख्या उर्दूतली. फ्रान्समध्ये सेन्सॉरचे कार्यालय होते; तिथे पत्रे वाचली जात, महत्त्वाच्या भागांचे इंग्रजी भाषांतर करून अहवालाला जोडले जाई आणि मूळ पत्र पुढे घरी जाई. घरी गेलेली पत्रे बहुतेक गेलीच. उरले ते सेन्सॉरचे इंग्रजी, ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात थंडी आहे, चिखल आहे, जमिनीचे तंटे आहेत, बायकोची काळजी आहे. उर्दूच्या मास्तराला याचे फार वाईट वाटते. आपली भाषा बोलणारा माणूस बर्फात बसून जे बोलला ते आता इंग्रजीतून परत उर्दूत आणावे लागते, आणि आणले तरी त्याचा लहजा कुठून आणणार?

मुलीच्या प्रश्नाला सर्वांत सरळ उत्तर मिळते ते लेहच्या एका माणसाकडून. त्याआधी बाबराचा मावसभाऊ मिर्झा हैदर याचे नाव घ्यायला हवे. १५३२-३३ मध्ये तो लडाख-तिबेटच्या मोहिमेवर गेला आणि पुढे 'तारीख-ए-रशीदी'त त्याने उंचीवरच्या आजाराचे वर्णन केले. त्याला तो 'दमगिरी' म्हणतो, म्हणजे श्वास पकडला जाणे. त्याचा धनी सुलतान सईद खान याच आजाराने काराकोरमच्या वाटेवर मेला. दौलत बेग ओल्डी या ठाण्याचे नाव त्याच्यावरूनच पडले असे काही जण सांगतात.

गुलाम रसूल गलवान मात्र ना मिर्झा होता ना सुलतान. १८७८ च्या सुमारास लेहमध्ये गरीब घरात जन्मला आणि मिसरूड फुटण्याआधीच साहेब लोकांच्या काफिल्यात तट्टे हाकायला लागला. गलवान म्हणजे काश्मिरातले घोडे चारणारे. लोक त्यांना घोडेचोरही म्हणत. यंगहजबंड, लिटलडेल अशा नामांकित प्रवाशांबरोबर तो पामीर, तिबेट, तुर्कस्तान फिरला. साहेबांची प्रवासवर्णने छापून येत. त्यांत ओझे वाहणारे असत ते 'कुली' आणि 'पोनीवाले' म्हणून. गुलाम रसूलने उलटे केले. बॅरेट नावाच्या एका अमेरिकन प्रवाशाच्या प्रोत्साहनाने तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्वतःची कहाणी लिहू लागला. बॅरेटच्या पत्नीने ती नीट लावली, पण त्याची भाषा फारशी बदलली नाही. १९२३ मध्ये केंब्रिजहून ती 'सर्व्हंट ऑफ साहिब्स' या नावाने छापून आली. म्हणजे 'साहेबांचा चाकर'. प्रस्तावना यंगहजबंडची. १९२५ मध्ये तो वारला.

त्याच्या पुस्तकात तट्टू मेल्याचे दुःख आहे, भाकरी कोणी भाजली ते आहे, कोणता साहेब चिडका आणि कोणता भला तेही आहे. बर्फातून वाट काढणाऱ्यांना नावे आहेत, कारण वाट काढणाराच लिहीत होता. त्याच्या नावाची नदी १५ जून २०२० च्या रात्री सगळ्या देशाला माहीत झाली. गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान मेले. काही दिवस टीव्हीवर 'गलवान' हा शब्द अखंड चालला होता. तो एका मुसलमान तट्टेवाल्याचा आहे हे आमच्या शिक्षकांच्या खोलीतही कोणाला ठाऊक नव्हते. आम्हालाही त्याच वेळी कळले, हे कबूल केले पाहिजे.

आमच्या दौंडला बर्फाची एक तारीख मात्र पाळली जाते. दौंड म्हणजे रेल्वेचे जंक्शन आणि राज्य राखीव पोलीस दलाचे गाव. २१ ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन असतो. १९५९ मध्ये त्या दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याच्या गोळीबारात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १० जवान मेले. देह परत मिळायला नोव्हेंबर उजाडला, आणि अंत्यसंस्कार तिथेच, त्या उजाड थंडीत झाले. स्मृतिदिनाला वर्षभरात कर्तव्यावर मेलेल्या पोलिसांची नावे वाचतात. सगळी नावे, शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत, एकामागून एक. वाचायला वेळ लागतो, मुले कंटाळतात, उन्हात पाय बदलत उभी राहतात. पण कोणाचे नाव गाळत नाहीत.

कॅप्टन हनीफुद्दीन यांची गोष्टही त्याच वर्गात निघाली. अकरावी राजपुताना रायफल्स. कारगिलच्या युद्धात, ६ जून १९९९ रोजी तुरतुक भागात, अठरा हजार फुटांच्या आसपास ते शहीद झाले. वय २४. त्याच लढाईत नायब सुभेदार मंगेज सिंग हेही गेले. हनीफुद्दीन यांचा देह चाळीस दिवसांहून अधिक काळ बर्फात राहिला, कारण तो आणायला जाणाऱ्यावर शत्रूचा मारा होता. लष्करप्रमुख भेटायला गेले तेव्हा त्यांच्या आईने, गायिका हेमा अजीज यांनी, माझ्या मुलाचा देह आणण्यासाठी दुसऱ्या कोणाच्या मुलाचा जीव धोक्यात घालू नका, असे सांगितले. वीरचक्र मिळाले, त्या भागाला 'सब-सेक्टर हनीफ' नाव मिळाले. आमच्या मुलांना अधूनमधून रस्त्यावर, बसमध्ये, खेळाच्या मैदानावर विचारले जाते की तुम्ही कोणाच्या बाजूचे. हनीफुद्दीन यांचे नाव ती उत्तरादाखल वापरतात. आम्ही त्यांना ते वापरू देतो. पण अठरा हजार फुटांवर पडलेल्या चोवीस वर्षांच्या मुलाला दाखल्यासारखे खिशात घेऊन फिरावे लागते, हे आम्हाला मनातून फार खटकते.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर आम्ही वर्गाला एक काम दिले. घरी विचारून या, आपल्या खानदानात रिसाल्यात, पलटणीत, पोलिसात, रेल्वेत कोणी होते का, आणि थंडीच्या मुलखात कोण गेले होते का. आठवडाभरात बरेच काही आले. एकाने पंचम जॉर्जचा रुपया आणला, पदक समजून. एकीच्या परनानाचा लष्करी ओव्हरकोट घरात होता. त्याची बटणे गेली होती आणि तो आता शेळीवर घालतात. बहुतेकांनी सांगितले, होते कोणीतरी, नाव आठवत नाही.

शिरूर, घोडनदी, दौंड, पारनेर, श्रीगोंदा या भागातल्या वाचकांच्या घरी अशा काही वस्तू असतील. मोडीतला किंवा उर्दूतला पेन्शनचा कागद, पलटणीचे प्रशस्तिपत्र, कडा खाल्लेला फोटो. ते रद्दीत देऊ नका. निदान झेरॉक्स काढून ठेवा, आणि मागे पेन्सिलीने नाव लिहा.